गुराबेची फाक

११ नोव्हेंबर १९४६

जहाज करायचे आहे! आख्खे नाही — मधली एक फाक फक्त.

शाळा सुटताना इतिहासाचे लालासाहेब माझ्या सुतारकामाच्या खोलीत आले. भुसा न झटकताच पाटावर बसले. म्हणाले, "जोतीराम मास्तर, जानेवारीत संमेलन. प्रदर्शनात मला मराठ्यांची गुराब हवी, लढाईचं जहाज. पण बाहेरून नको. पोट दिसलं पाहिजे." मग खिशातून कागद काढला. मुंबईच्या गोदीतल्या कुणा मित्राने चित्र काढून दिलेले. शिडाचे जहाज दोन ठिकाणी आडवे कापले तर मधला जो तुकडा हाती येईल, तो. तळाला कणा, कण्यावरून दोन्हीकडे वर वळलेल्या बरगड्या, बरगड्यांवर फळ्या, आत दोन मजले, एक तोफ, मधून वर गेलेली डोलकाठी, आणि डोलकाठीला दोन्ही अंगांनी ताणून धरणारे दोर. भोपळ्याची फाक उभी करून ठेवावी तसे.

"अहो, हे इंग्रजांचं दिसतंय," मी म्हटले.

"पोट सगळ्यांचं सारखंच," ते म्हणाले. माणूस इतिहासाचा, पण बोलला खरे!

आता मी जहाज पाहिलेले आहे. पाहिले म्हणजे काय — सतरा साली, पहिल्या महायुद्धात, सॅपर्स पलटणीत सुतार होतो, बसऱ्याला जाताना बोटीच्या पोटात पालथा पडून ओकत होतो. तीही आगबोट, शिडाची नव्हे. पण आमच्या शाळेत समुद्र ओलांडलेला मीच एक. तेवढ्या भांडवलावर हो म्हणून बसलो.

घरी येऊन कुणाला तरी सांगावेसे वाटले. सांगितले. म्हशीला.

१२ नोव्हेंबर

म्हशीला का, तेही लिहून ठेवतो. आमचा अबोला आहे. माझा आणि बयाचा. दोन दिवसांचा रुसवा नव्हे हा — या महिन्याअखेर वर्ष होईल! सुरुवात तिने केली, तेव्हा शेवटही तिनेच करायला हवा. मी का म्हणून आधी बोलू?

घर मात्र चालते. गोठा स्वयंपाकघराला लागून आहे, तेवढी सोय. बया आतून म्हणते, "चंद्रे, भाकरी गार व्हाया लागली म्हणावं." चंद्री कान हलवते, मी पाटावर येऊन बसतो. मी म्हणतो, "चंद्रे, कालवणात मीठ न्हाई म्हणावं." की लगेच मिठाची वाटी ताटाशी आदळते. चंद्री या घरातली सगळ्यात शहाणी बाई. दोघांचे ऐकते, मनावर कुणाचेच घेत नाही.

१७ नोव्हेंबर

बरगड्यांसाठी बाभळीच्या वाकड्या फांद्या हिंडून हिंडून गोळा केल्या. सरळ लाकडातून बाक कापला तर तो मोडतो. लाकूड मुळातच वाकडे वाढलेले हवे. बैलगाड्या करणाऱ्या आम्हा सुतारांना हे ठाऊक असते. लालासाहेब म्हणाले, "म्हणजे इथं सरळ माणसाचं काम नाही!" म्हटले, "मग तर जहाज उत्तमच व्हायचं."

दुपारभर पटाशी चालवली. हात कामात असले की डोके नको तिकडे जाते.

मनू आठवली. बयाच्या धाकट्या बहिणीची लेक. बहीण गेली तेव्हा पोर दीड वर्षाची. बाप दादासो सांगलीला हळदीच्या वखारीत. एकटा पुरुष काय सांभाळणार? पोर आणून बयाच्या मांडीवर ठेवली आणि गेला. आम्हाला मूलबाळ नाही. साडेसात वर्षे मनू या घरात होती. माझ्या भुशात बसून भातुकली मांडायची. बयाला मावशी म्हणायची, मला नुसते "आवं"! बया म्हणते तसे.

गेल्या साली दादासोने दुसरे लग्न केले आणि कार्ड टाकले. बायको चांगली आहे, पोरीला घेऊन जातो म्हणून. बया त्याच दिवशी सकाळी रहिमतपूरला भावाकडे गेली होती, भावजयीच्या बाळंतपणाला. जाताना मनूच्या दोन वेण्या घालून गेली, एरवी एकच घालायची. संध्याकाळी शाळेतून आलो तो कार्ड दाराच्या फटीत. मी उलट टपाली कळवले, लगेच ये. चौथ्या दिवशी दादासो आला, पाचव्या दिवशी पोर गेली. बया आली दीड महिन्याने. उंबऱ्यात उभी राहिली. मनूचा परकर टांगायची खुंटी रिकामी होती. तिने काही विचारले नाही. मीही काही सांगितले नाही. त्या दिवसापासून हे असे.

ज्याची लेक त्याला दिली. यात माझे काय चुकले? कुणीही सांगावे!

२४ नोव्हेंबर

शिवणीच्या लाकडाच्या पातळ फळ्या बरगड्यांवर वळवायच्या तर त्या उकळायला हव्यात. घरात एवढ्या पाण्याची जागा एकच — आंघोळीचा बंब. झाकण काढले, फळ्या उभ्या घातल्या. सकाळी सकाळीच स्वयंपाकघरातून:

"चंद्रे, आज आंगुळीला पानी हाय का लाकडाचा रस्सा?"

मी म्हटले, "चंद्रे, सांग, जहाजाची आंगुळ चाललीया."

आत हसली! पदर तोंडाला लावून हसली, पण मी ओळखतो. सत्तावीस वर्षांचा संसार आहे.

फळ्या मात्र मस्त वळल्या. गरम असतानाच बरगडीवर दाबायच्या आणि बांबूच्या खुंट्या ठोकायच्या. सातपैकी एक चिरली.

२५ नोव्हेंबर

अंगणातल्या खोपीत, जिथे जहाजाचे काम चालते, माझ्या रंध्याशेजारी जुने लांबट पातेले ठेवलेले. कुणी ठेवले ते चंद्रीने सांगितले नाही.

१ डिसेंबर

वरचा मजला झाला. त्याला डेक म्हणायचे, पलटणीत शिकलो. तुळया बसवल्या, वर फळ्या. चित्रात तुळयांना मधे किंचित फुगवटा दाखवला होता, पाठ वर काढल्यासारखा. मुंबईच्या मित्राचा हात हलला असणार! मी तो दुरुस्त केला. मधे जरा खोलगट ठेवले. गाडीचा तळ नेहमी मधे खोलच असावा, म्हणजे ओझे कडेला घरंगळत नाही. जहाजावर तर तोफा. माणसे. लाटा! माणूस समुद्रात पडायचा.

लालासाहेबांना सांगितले, चित्रातली चूक सुधारली. ते म्हणाले, शाब्बास.

तरी बघताना काहीतरी खुपते आहे. काय ते कळत नाही.

३ डिसेंबर

आज काय झाले ते सविस्तर लिहितो.

सकाळी बया तुळशीला पाणी घालून परत येत होती. हातात तांब्या, तळाशी उरलेले पाणी. मी खोपीत डेक घासत बसलेलो. ती आली, थांबली, आणि तांब्या माझ्या जहाजावर उपडा केला! सगळे पाणी डेकवर!

मी ओरडलोच. "अगं!" — नाही, "अगं" म्हणालो नाही, नुसताच ओरडलो. ती जागची हलेना. नुसती पाण्याकडे बघत उभी. मग मीही बघितले. पाणी डेकच्या मधोमध जमले होते, छान तळे झालेले. कुठे जाणार बिचारे?

मग ती निघून गेली.

मी बसून राहिलो. प्रथम राग, मग लाज. रहिमतपूरचे तिचे माहेर मातीच्या माळवदाचे. लहानपणापासून तिने बापाला माळवदाला उतार देताना पाहिले आहे. मधे उंच, कडेला सखल, आणि कडेला पन्हळ. पाणी साचले की घर खाली आलेच. समुद्र तिने बघितला नाही, बसरा बघितला नाही, बोटीत ओकली नाही. पण पाणी कुठे साचते ते तिला कळले. मला मात्र ओझे घरंगळायची काळजी! कोळ्याच्या पोराने अशी चूक केली नसती. ती गाड्या करणाऱ्यानेच करावी.

संध्याकाळी मोठ्याने म्हटले, "चंद्रे, आमच्यापरीस शहाणी माणसं हायती म्हणावं या घरात."

जेवताना ताटात लोणी जास्त होते.

६ डिसेंबर

सगळ्या तुळया उपटल्या. सरस सुटता सुटेना. शिव्या दिल्या — लाकडाला.

१२ डिसेंबर

आता डेकला पाठ आहे. पाणी टाकून पाहिले, दोन्ही कडांनी पळते. फार सुंदर पळते! चार वेळा टाकले. दुसऱ्या तांब्याच्या वेळी बया गोठ्याच्या दारात शेणाची पाटी घेऊन उभी होती. चौथ्या वेळेपर्यंत उभीच होती.

आज एवढेच लिहून थांबणार होतो. पण शेजारच्या हरणाबाईने कुंपणावरून हाक मारली. म्हणाली, "मास्तर, तुमास्नी ठावं हाय न्हवं? संक्रांत झाली की बया रहिमतपूरला जाणार. कायमची. भावाला सांगावा गेलाय, गाडी घिऊन ये म्हणून." मी म्हटले, ठाऊक आहे. मला काय ठाऊक होते! म्हशीनेसुद्धा सांगितले नाही.

१३ डिसेंबर

जाऊ दे!

१४ डिसेंबर

काल लिहिले ते खोटे लिहिले. जाऊ नये. मला भाकरी भाजता येत नाही म्हणून नव्हे. ती घरात चालते तेव्हा तिच्या जोडव्यांचा आवाज फरशीवर येतो आणि मला काम सुचते. मनू गेली तेव्हा घर अर्धे झाले. ही गेली तर मग जागाच उरली, घर कुठले?

पण हे तिला सांगणार कसे? चंद्रीकरवी? असल्या गोष्टी म्हशीकरवी सांगता येत नाहीत.

२० डिसेंबर

डोलकाठी उभी. सागाची, कण्यात खाच पाडून रोवली. आता दोर. बाजारचा दोरा चालणार नाही. दोर तीन पदरी, घट्ट पिळाचा हवा, नाहीतर लगेच खोटा दिसतो. शाळेतले चरख्याचे सूत आणले. एक टोक खिळ्याला बांधून एकट्याने पिळायला बसलो. एका पदराला पीळ दिला, दुसरा हातात घेतला, तोवर पहिला उलगडला. दोन तासांत दोर शून्य, गुंता मात्र मांजराला खेळायला पुरेल एवढा.

बया आली. खिळ्याचे टोक सोडले. ते हातात घेऊन मागे मागे जात तुळशीपर्यंत गेली आणि तिथून माझ्याकडे बघितले — म्हणजे माझ्या हातांकडे. पीळ! मी उजवीकडे, ती डावीकडे. सूत ताठ, जमिनीला टेकू द्यायचे नाही. एक सैल सोडतो असे वाटले की दुसऱ्याने अर्धे पाऊल मागे जायचे. तिसरा पदर घातला की सगळे उलट्या दिशेने एकमेकांवर बसवायचे. ती गाईम्हशींची दावी लहानपणापासून वळत आलेली. मीच चुकत होतो. चुकलो की ती टोकाला एक हिसका द्यायची. एवढेच आमचे बोलणे.

अंगणाच्या दोन टोकांना आम्ही दोघे, मधे वीस हात दोर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तिला म्हणावे की मला?

चाळीस हात दोर झाला. उद्या आणखी.

२२ डिसेंबर

खऱ्या जहाजावर दोराला डांबर फासतात, म्हणून तो काळा. डांबराचा वास घरात नको. काय करावे म्हणून बसलो होतो, तर बयाने तव्यावर धरलेले काजळ आणि देवघरातले मेण एकत्र पातळ करून वाटीत आणून ठेवले. दोर त्यातून ओढला. काळा, गुळगुळीत, एक कुसळ वर नाही! तिची बोटेही काळी झाली. तशीच तिने कपाळावरचा केस मागे सारला आणि कपाळावर काळी रेघ उठली. मी काही बोललो नाही. दिवसभर ती तशीच हिंडली. हरणाबाईने सांगितले तेव्हा पुसली. मग माझ्याकडे असे डोळे केले!

२९ डिसेंबर

आज मोठी चूक झाली असती.

दोर ताणायला तीन भोकांच्या लाकडी चकत्या लागतात. नारळाचे तोंड असावे तशा. एक चकती दोराच्या टोकाला, एक जहाजाच्या कडेला, दोन्हींच्या भोकांतून बारीक दोरी ओवायची आणि आवळायची. चिंचेच्या लाकडाच्या चोवीस केल्या. सामत्याने भोके पाडताना पाच फुटल्या, म्हणजे खरे तर एकोणतीस केल्या.

मग मी डाव्या बाजूचे सगळे दोर आवळले. गाडीवर कडब्याचे ओझे आवळतो तसे, काडी घालून पिरगाळून. झकास ताठ झाले. टिचकी मारली तर वाजत होते. मग वर बघितले तर डोलकाठी डावीकडे झुकलेली! बुडाशी लाकूड करकरले. अजून एक पिळा दिला असता तर खाच फुटून महिन्याभराचे काम गेले असते.

बया दारात होती. आली. उजव्या बाजूला खाली बसली. तिकडचा पहिला दोर ओवला आणि हातात धरून थांबली. माझी वाट बघत! मी इकडचा सैल केला. ती थोडे ओढी, मी थोडे ओढी. डोलकाठी दोघांच्या मधे जराशी इकडे, जराशी तिकडे, आणि मग सरळ. एकाने ओढून ती उभी राहत नाही. दोन्हीकडून एकदम, आणि बेताने. पटाशी धरून तीस वर्षे झाली आणि हे आज शिकलो.

सहा दोर तिचे, सहा माझे. तिचे माझ्यापेक्षा चांगले आहेत. लालासाहेबांना सांगणार नाही. नाही, सांगेन.

५ जानेवारी १९४७

सांगलीहून कार्ड! दादासोचे. खाली चार ओळी मनूच्या हाताच्या — तिसरीत गेली, धाकटा भाऊ झाला, त्याला मीच झोपवते, मावशीला नमस्कार, चंद्री किती दूध देते?

कार्ड चंद्रीला वाचून दाखवले. मोठ्याने. दोनदा. "धाकटा भाऊ झाला" तीनदा. आतले जाते थांबले होते. वाचून झाल्यावर बराच वेळ सुरू झाले नाही.

पोर सुखात आहे. मग हे घर का सुखात नाही?

१० जानेवारी

आडव्या दोरांची शिडी बांधत होतो. उभ्या दोरांवर आडवे दोर, पायरी पायरीने वर. खलाशी यावरून चढतात. ती त्या बाजूने बांधत होती, मी या बाजूने. मधे डोलकाठी. चंद्री चरायला गेलेली. म्हणजे आज मधे कुणी नाही.

आणि मी बोललो. तोंडावर. नाव घेऊन.

म्हटले, "बया, ज्याची लेक त्याला दिली, माझं चुकलं न्हाई, असं वरीसभर घोकतोय. ते खरं न्हाई. दादासोला म्हैनाभर थांब म्हणता आलं असतं. थांबला असता. मीच लिवलं, लगेच ये. तू घरात असतीस तर पोर तुला बिलगली असती, तू रडली असतीस, आन् माझ्या हातनं तिला सोडवणं झालं नसतं. म्हणून तू नसताना उरकून टाकलं. तो दिस मी निवडला. तुला तिला जवळ घिऊन निरोपसुदीक देऊ दिला न्हाई. भित्रा हाय मी. दुसरं काय न्हाई."

तिचे हात थांबले. मान खालीच. मग तिने एक गाठ मारली. दुसरी. तिसरी. तिसऱ्या गाठीचे टोक दाताने तोडले, उठली आणि आत गेली.

वर्षभर वाटायचे, एकदा सांगून टाकले की मोकळे वाटेल. नाही वाटले. उलट आता चंद्रीशीही बोलत नाही ती. भाकरी झाली की नुसती ताट वाजवते.

१२ जानेवारी

लालासाहेब बघायला आले. गुराबेभोवती तीन फेऱ्या मारल्या. वाकून पोटात बघितले, तोफेला बोट लावले, डेकवर पाणी टाकून दाखवले तेव्हा टाळ्या वाजवल्या. "आणि दोर? दोर कुणी केले?"

"घरातनं," मी म्हटले.

ते सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "वहिनी, असं काम मुंबईत होणार नाही!"

आतून स्वच्छ आवाज आला, "आवं, दावी वळणाऱ्या बाईला त्यात काय जड?" लालासाहेबांशी बोलते! हरणाबाईशी बोलते, कासाराशी बोलते! मला लालासाहेबांचा हेवा वाटला. पन्नाशीला टेकलेला माणूस मी.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळी खोपीत गेलो तर डेकवर, तोफेशेजारी, वाटीत तिळगूळ. म्हणजे दिला, पण "गोड बोला" म्हणायचे टाळले! जहाजाने दिला. मी खाल्ला. तिच्यासाठी दोन वड्या ठेवल्या, त्याही जहाजावरच. दुपारी बघितल्या, तिथे नव्हत्या. मांजराने खाल्ल्या नसाव्यात.

गुराब पुरी झाली. तेल लावले. दीड हात उंच, वीतभर जाड. हातून आजवर झालेले सगळ्यात चांगले काम. निम्मे तिचे.

१५ जानेवारी

किंक्रांत. आज कुणी प्रवासाला निघत नाही. बयाने बोचके बांधून दारामागे ठेवले आहे. उद्या भाऊ येणार. मी रजेचा अर्ज दिला. कशासाठी, ते मलाही ठाऊक नाही.

१६ जानेवारी

गुंडा, तिचा भाऊ, सकाळीच गाडी घेऊन आला. बोचके गाडीत टाकले. बया उंबऱ्यात आली, थांबली, आणि माझ्याकडे बघून — चंद्रीकडे नव्हे, माझ्याकडे — बोलली.

"तो दिस तुमी न्हाई निवडला. मी निवडला. दादासोंचं कार्ड आदल्या दिशीच पोस्टमननं माज्या हातात दिलं हुतं. हरणाबाईच्या सुनंकडनं वाचून घेतलं. सकाळी निगताना दाराच्या फटीत सारलं आन् गेले. भावजयीला तवा म्हैनाभर अवकाश हुता. पोरीला माज्या हातानं देववलं नसतं, म्हणून तुमच्या एकट्यावर टाकून पळाले मी. आवं, राग कसला? तुमच्या तोंडाकडं बघायची लाज वाटत हुती."

वर्षभर मी तिच्या रागाला भीत होतो. गुंडासमोरच रडलो. मग त्याला म्हटले, "गुंडा, बैल सोड, चंद्रीशेजारी बांध."